माझ्याच प्रयोगातलं औषध आईला देऊ का?

पत्राचा सारांश: नाशिकला सातपूरकडे राहणाऱ्या, नुकतंच एम.फार्म. संपवलेल्या एका मुलीचं हे पत्र आहे. तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर सांधेदुखीसाठी निर्गुडीचा पाला देतात. काढा प्यायला, वाफवलेला पाला बांधायला. लांबून लोक येतात. हिने प्रबंधासाठी तोच पाला घेतला, अल्कोहोलमध्ये त्याचा अर्क काढला आणि उंदरांच्या पंजाच्या सुजेवर तपासला. सूज चांगली उतरली, जवळजवळ डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाइतकी. त्याच सुमारास आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवाताचं निदान झालं आणि आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली. गोळीच्या दुसऱ्या दिवशी आईला मळमळतं, केसही गळतात. आई म्हणते, "माझ्या बाबांचं औषध, माझ्या लेकीनं तपासलेलं, मग हे इंग्रजी औषध मी का सोसू?" गेले काही आठवडे तिने गोळी बंदच केली आहे आणि हे फक्त मुलीला माहीत आहे. उरलेल्या अर्काची बाटली घरच्या फ्रिजमध्ये आहे. मामाला बाटल्या भरून विकायच्या आहेत, चिठ्ठीवर 'प्रयोगशाळेत सिद्ध' असं छापून. मुलगी विचारते, "नाही म्हणाले तर आजोबांवर आणि स्वतःच्या कामावरच अविश्वास दाखवल्यासारखं होतं. हो म्हणायचा धीर होत नाही. काय करू?"

उत्तर:

आधी दोन घाईच्या गोष्टी, मग बाकीचं सावकाश बोलू.

फ्रिजमधली बाटली आजच घरातून हलव. इथेनॉल वापरलंस की मिथेनॉल, ते पत्रात नाही. कुठलंही असो, प्रयोगशाळेतलं अल्कोहोल माणसाच्या पोटात जाईल या हिशोबाने आणलेलं नसतं. अर्क कितीही आटवला तरी त्यात ते किती उरलंय, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मिथेनॉलने डोळे जातात, हे तुला शिकवायची गरज नाही. जिला ती बाटली प्यायचीच आहे, तिच्याच हाताशी ती ठेवणं बरं नव्हे.

दुसरी गोष्ट, आईने गोळी थांबवल्याचं तिच्या डॉक्टरांना याच आठवड्यात कळायला हवं. तिच्या पाठीमागून नको. "आई, मी हे डॉक्टरांना सांगणार आहे, तूच सांगितलंस तर जास्त बरं," एवढं तिला आधी सांग. आमवातात सांध्यांचं कायमचं नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकतं, आणि एकदा झिजलेलं हाड कुठल्याच औषधाने, पाल्याने किंवा गोळीने, पूर्ववत होत नाही. म्हणून हे गुपित तू एकटीने सांभाळू नकोस.

आता तुझा प्रश्न. 'मी तपासलेलं औषध' असं तू लिहितेस. नेमकं काय तपासलंस, ते इतर वाचकांसाठी सोप्या शब्दांत मांडतो. चुकलं तर दुरुस्त कर.

कॅराजीनन हा लाल समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ. त्याचं पातळ द्रावण उंदराच्या मागच्या पंजात टोचलं की पंजा सुजतो. ही सूज तासातासाने मोजायची आणि अर्क दिलेल्या उंदरांची सूज न दिलेल्यांपेक्षा किती कमी आहे ते पाहायचं. सगळा खेळ पाच-सहा तासांचा. १९६२ सालापासून जगभरच्या प्रयोगशाळा हे करत आल्या आहेत आणि वेदनाशामकं हुडकायला ही पद्धत खरोखर उपयोगी पडली आहे. तिला मी हिणवत नाही. पण त्यातल्या दोन गोष्टींकडे बघ. अर्क तू सूज यायच्या तासभर आधी दिलास, म्हणजे येणारी सूज अडवलीस, आलेली बरी केली नाहीस. आणि ती सूज एका टोचणीने आलेली होती. तुझ्या आईच्या बोटांत सूज येते ती तिचीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर रोज हल्ला करते म्हणून.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुझ्याच निकालात दडलाय. तुझा अर्क 'डायक्लोफेनॅकइतका' ठरला. क्षणभर धरून चालू की माणसातही तो तेवढाच चालेल. मग आईला काय मिळालं? एक डायक्लोफेनॅक. आमवाताच्या रुग्णाला नुसतं डायक्लोफेनॅक देऊन मेथोट्रेक्सेट बंद करा, असं कुठलाही संधिवाततज्ज्ञ सांगणार नाही. वेदनाशामकाने ठणका कमी होतो, मूठ वळते, रात्री झोप लागते. हाडं कुरतडणं मात्र आत चालूच राहतं. ते रोखायला मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लागतात, आणि ती गुण दाखवायला सहा ते बारा आठवडे घेतात. पाच तासांच्या प्रयोगाला या दुसऱ्या प्रकारच्या कामाबद्दल काही बोलताच येत नाही. मृत जंतूंचं तेलातलं मिश्रण टोचून उंदराला तीन-चार आठवडे सांधेदाह आणायची दुसरी पद्धत आहे, ती आमवाताच्या थोडी जवळ जाते. तीही माणूस नव्हे.

मात्रेचा हिशोबही करून बघ. अशा प्रबंधांत मात्रा बहुतेक २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रतिकिलो असतात. (तोंडी परीक्षेत 'चारशेच का?' विचारलं की 'आधीच्या पेपरमध्ये होतं, सर' हे उत्तर जवळपास ठरलेलं. मी ते इतकं ऐकलंय की आता विचारायचंच सोडून दिलंय.) तुझीही ४०० असेल असं धरू. मोठ्या उंदराची (रॅट) मात्रा माणसासाठी ढोबळपणे ६.२ ने भागतात, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम प्रतिकिलो. ६० किलोच्या बाईला रोज जवळजवळ ४ ग्रॅम अर्क. सुक्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असं मानलं तर ४० ग्रॅम सुका पाला, ओला त्याच्या तिपटीहून जास्त. रोज, महिनोन् महिने. आजोबा काढ्यात किती पानं टाकतात?

म्हणजे तू आजोबांचं औषध तपासलेलंच नाहीस! त्यांचा काढा पाण्यातला, तुझा अर्क अल्कोहोलमधला. अल्कोहोलमध्ये जे उतरतं ते सगळं पाण्यात उतरत नाही, आणि उलटही. ते पाला वाफवून बाहेरून बांधतात. तू उंदराला तोंडाने दिलास. आई म्हणते 'माझ्या बाबांचं औषध', तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर परातीतला वाफाळता पाला असतो. फ्रिजमधल्या बाटलीत दुसराच पदार्थ आहे, पिढ्यान् पिढ्यांत कोणीही न घेतलेला. तेव्हा बाटलीला नाही म्हणताना तू आजोबांवर अविश्वास दाखवत नाहीस, कारण त्यांनी ती बाटली कधी कुणाला दिलीच नव्हती.

'लोकांना गुण येतो' हेही मला खोटं वाटत नाही. पण गुण कुणाला आणि कशाचा? आपल्याकडे सांधे दुखले की त्या सगळ्याला संधिवातच म्हणतात. त्यात वयाने झिजलेला गुडघा येतो, युरिक ॲसिडमुळे सुजलेला अंगठा येतो, चिकनगुनियानंतर धरलेले सांधे येतात आणि तुझ्या आईचा आमवातही येतो. चिकनगुनियाची सांधेदुखी बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते. झिजेचा गुडघा कधी कुरकुरतो, कधी गप्प बसतो, आणि माणूस औषधाला जातो तो नेमका जास्तीत जास्त दुखत असताना, म्हणजे पुढे बरं वाटण्याचीच शक्यता अधिक. त्यात आपलं नाशिक. पौषातल्या थंडीत सुरू केलेल्या औषधाला फाल्गुनात गुण येतोच! आमवातही स्वतःहून चढतो-उतरतो. चार महिने बरी असलेली बाई सगळीकडे आजोबांचं नाव सांगते. जिला गुण आला नाही ती पाड्यावर परत न येता थेट नाशिकच्या दवाखान्यात जाते, आणि ती आजोबांना कळत नाही.

म्हणून तर माणसांवर तुलना करून पाहावं लागतं, आणि वनस्पतींची अशी तपासणी आपल्याच राज्यात झालेली आहे. सालईचा डिंक, आयुर्वेदात ज्याला शल्लकी म्हणतात, तो नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या झिजेच्या ३० रुग्णांवर तपासला. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना आधी औषध, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल, आठ आठवड्यांनंतर अदलाबदल. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेत मात्र काहीच बदल नव्हता, आणि त्यांनी तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई यांच्या अर्कांची सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक आणि गुडघेदुखीसाठी दिलं जाणारं ग्लुकोसामाइन यांच्याशी तुलना केली. रुग्ण ४४०, प्रसिद्धी २०१३. झिजेच्या गुडघ्यात वनस्पतींचं औषध तोडीस तोड ठरलं. त्याच अभ्यासात आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांत, कसलाही त्रास जाणवत नसताना, एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं दिसलं. ते दिसलं, कारण रक्त तपासलं जात होतं.

आमवातावरही असा एक प्रयत्न झाला. कोइमतूरला शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र, अशी तुलना झाली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. फरक फारसा दिसला नाही. ऐकायला छान आहे, पण रुग्ण अवघे ४३ होते आणि हा पथदर्शी, म्हणजे मोठ्या अभ्यासाआधी वाट चाचपणारा, अभ्यास आहे असं तो करणारेच म्हणतात. शिवाय तिथे वैद्य प्रत्येक रुग्णाला पाहून उपचार ठरवत होते, एकच पाला सगळ्यांना दिला नव्हता. आईला आयुर्वेदाची वाट धरायची असेल तर ती अशी धरता येते: पदवीधर, अनुभवी वैद्य, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, फार लांब जायला नको.

दोन्ही औषधं लपूनछपून एकत्र घेणं हा सगळ्यात वाईट पर्याय, आणि बहुतेक घरांत तोच निवडला जातो. मेथोट्रेक्सेट यकृतावर ताण आणू शकतं, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासतात. मध्येच न सांगितलेला अर्क आला आणि एसजीपीटी वाढलं, तर डॉक्टर दोष मेथोट्रेक्सेटला देतील आणि उपयोगी औषध हातचं जाईल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवले. त्यांच्यातला त्रास बराचसा शरीराच्या स्वतःवरच उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीसारखा होता. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की घेतलेली वेल गुळवेलच होती हे कुणी तपासलं? आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल आहे. पण आमवात असणाऱ्यांनी 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' काहीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं. हळदीच्या कॅप्सूलही याच रांगेत. भाजीतली हळद खुशाल खा. मिरीतलं पायपरीन घालून तयार केलेल्या कॅप्सूल म्हणजे वेगळी गोष्ट. ते पायपरीन इतर औषधांची रक्तातली पातळीही बदलू शकतं.

आता आईच्या मळमळीबद्दल, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. तिला पाल्याचं प्रेम आहेच, पण गोळी सोसली असती तर तिने बाटलीकडे पाहिलंही नसतं. आणि यावर बरंच काही करता येतं. गोळी रात्री जेवणानंतर घेणं, त्याच दिवसाची मात्रा विभागून घेणं, फॉलिक ॲसिडचं प्रमाण बदलणं, गोळीऐवजी त्वचेखाली इंजेक्शन. तरीही नाहीच सोसलं तर सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशी दुसरी औषधं आहेत. यातलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना मळमळीचं सांगितलंय कुणी? आपल्या बायका तपासणीला गेल्या की 'बरं आहे' म्हणून मोकळ्या होतात. तू सोबत जा. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात, कोणते सांधे सुजतात, कोणत्या दिवशी किती मळमळलं, हे पंधरा दिवस एका वहीत लिहून ने. आणि हे प्रत्येकासाठी सांगतो: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत. वार ठरवा, गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.

आजोबांचा शेक? तो चालू द्या की. कातडी फाटलेली नसावी, पाला आधी मनगटावर लावून पाहावा, चटका बसेल इतका गरम नसावा, आणि सांधा लाल होऊन भडकलेला असेल त्या दिवशी शेकू नये. डॉक्टरांना सांगून केलं तर बहुधा ते नाही म्हणणार नाहीत. आईला बापाच्या हातचं काहीतरी हवंय, तर ते हे आहे. गोळीही राहील आणि पालाही.

मामाबद्दल फार लिहीत नाही. विक्रीसाठी औषध बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि संधिवात बरा करण्याच्या जाहिरातीवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. चिठ्ठीवर 'प्रयोगशाळेत सिद्ध' छापलं की त्यामागे तुझं आणि तुझ्या कॉलेजचं नाव येतं. तू त्याला तोंडी न सांगता लेखी कळव की माझा प्रबंध यासाठी वापरायचा नाही. शिवाय निर्गुडी काही नवी नाही. तिची तेलं आणि काढे परवानाधारक कंपन्यांचे कधीपासून दुकानात आहेत.

बाटल्यांच्या या धंद्यावरून इतर वाचकांना एक इशारा. आठवडी बाजारात किंवा कुरिअरने येणाऱ्या, लेबल नसलेल्या 'आयुर्वेदिक' पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत चमत्कारासारखं बरं वाटतं, भूक वाढते, चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो. अशी पुडी महिनोन् महिने घेत असाल तर लाजेने एकदम बंदही करू नका, त्यातही धोका असतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता तुझ्या कामाविषयी. तुझा प्रबंध वाया गेलेला नाही. या पाल्यात दाहाला अडवणारं काहीतरी आहे, असा एक धागा तुझ्या हाती आलाय आणि तो पुढे न्यायला वाव आहे. फक्त पुढचा प्रयोग आजोबा जे करतात त्यावर व्हावा असं मला वाटतं. वाफवलेल्या निर्गुडीचा शेक आणि तितक्याच गरम, औषधी नसलेल्या दुसऱ्या पाल्याचा शेक, झिजेच्या गुडघ्याच्या रुग्णांत चिठ्ठ्या टाकून विभागून. गुडघा तपासणाऱ्याला कोणाला काय बांधलं ते माहीत नसावं. वासावरून ओळख पटेल, त्यावर काही युक्ती काढावी लागेल. (निर्गुडीचा तो उग्र वास कसा लपवणार, हे मलाही पाहायचंय.) गुण पाल्याचा की नुसत्या उष्णतेचा, हे त्यातून कळेल, आणि कुणाच्या पोटात काही जाणारही नाही. यासाठी नैतिकता समितीची मंजुरी आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी लागते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत कायचिकित्सेचा (आयुर्वेदातल्या मेडिसिनचा) एखादा मार्गदर्शक शोध. आणि उद्या यातून पैसा उभा राहणार असेल, तर स्थानिक वनस्पती आणि ज्ञानातून होणाऱ्या फायद्याच्या वाटपाबद्दलचा २००२ चा जैवविविधता कायदा वाचून ठेव. तो पाला आणि ती रीत एकट्या मामाची नाही.

त्याआधी एका रविवारी पेठला जा, आणि पाला आणण्याऐवजी आजोबांना प्रश्न विचार. पाला कोणत्या महिन्यात तोडता? कोवळा की जून? सोबत आणखी काय घालता? किती दिवस देता? आणि मुख्य म्हणजे, तुम्ही कुणाला औषध देत नाही? जाणत्या माणसाकडे या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा असतंच. बोटं वाकडी झालेली, दोन्ही हात सारखेच सुजलेली, अंगात बारीक ताप असलेली बाई आली तर ते काय करतात ते विचार, आणि आईला सोबत ने, म्हणजे उत्तर तिलाही त्यांच्याच तोंडून ऐकता येईल. ते काय म्हणतील हे मी गृहीत धरत नाही. 'मी देतो' म्हणाले तरी वरचा एकही शब्द मी बदलणार नाही, पण मग त्यांच्याशी बोलायला तुझ्या हाती ती पंधरा दिवसांची वही असेल.

हे सगळं आजोबांचं नाव घालून, त्यांना वाचून दाखवून लिहून काढ, आणि त्यांची हरकत नसेल तर गावच्या जैवविविधता नोंदवहीत (तिथल्या वनस्पती आणि त्यांचे वापर लिहून ठेवतात ती) घालता येईल का ते ग्रामपंचायतीत विचार. परतताना फुलासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून आण. प्रबंधाच्या वेळी पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून ओळख करून घेतली होतीस का, ते तू लिहिलेलं नाहीस. नसेल, तर या वेळी घे.